टोकावरची हळद

३ सप्टेंबर २०००, रविवार

अखेर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या भांडारातून ती दुर्बीण मिळाली. दुर्बीण म्हणजे पोटात घालून आतडी बघतात ती, काळ्या रबरी नळीची. रबर फाटलंय, वाकवायची चाकं जाम झालीत, म्हणून भंगारात निघाली. भांडाराचे धोंडीराममामा मला चांगले ओळखतात, त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात मी शिकवते त्याच वर्गात आहे. तरी त्यांनी खोदून खोदून विचारलं.

"मॅडम, ह्ये लोकाच्या पोटातून फिरून आलेलं हाय. ह्येचं काय करायलाव तुमी?"

"आतली काच पाहिजे मामा."

"मग आरसा घ्या की. ह्यो नाद कावून?"

नाद हा शब्द बरोबर आहे. आतली काच म्हणजे केसाहून बारीक अशा हजारो तंतूंची जुडी. एका टोकाला जो तंतू डावीकडे तोच दुसऱ्या टोकालाही डावीकडे, त्यामुळे इकडचं चित्र तिकडे जसंच्या तसं दिसतं. संगमेश अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे अशा जुडीच्या टोकावर आम्लाने खड्डे पाडतात, एका तंतूला एक खड्डा, आणि खड्ड्यात एकेक जिवंत पेशी बसवतात. पाण्यात विष असेल तर त्या पेशीला ते सगळ्यांच्या आधी बाधतं, आणि तिची हालहवाल उजेडातून दुसऱ्या टोकाला दिसते. त्याने मार्चमध्ये हे कळवलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. खरं म्हणजे ते त्याच्या आधीपासूनच नव्हतं. आता निदान सांगायला कारण आहे.

ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकते. आमच्या भागात कपाशीवर मारलेलं औषध विहिरीत उतरतं आणि ते तपासायला साधं काही नाही, म्हणून मला हे करायचं आहे. आणि संगमेशसाठीही करायचं आहे. दोन्हींतलं जास्त कुठलं, ते मला विचारू नये.

१० सप्टेंबर

आज टोक आम्लात बुडवलं. रसायनशास्त्राच्या अंगदसरांनी बाटली दिली, पण अशा चेहऱ्याने, जणू मी विहिरीत उडी मारायला निघाले आहे. "मॅडम, हे काच खातं, आन हाताला लागलं तर हाडापस्तोर जातं. मला इचारलं न्हाई असं सांगा." काच खाणारं आम्ल काचेच्या भांड्यात कसं घेणार, म्हणून प्लास्टिकचा कप. हातात दोन दोन रबरी मोजे, आणि जीव मुठीत.

प्रत्येक तंतूचा गाभा कडेपेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे मधे खड्डा पडतो आणि कड उभी राहते. धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पडले होते खड्डे! ओळीने, दाटीने, एकाला लागून एक. मी तिथे एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर कॉलेजात बातमी झाली असती की सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम नाचतात.

घरी आल्यावर आईला कागदावर काढून दाखवलं. तिने कणीक मळता मळता मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे आप्पेपात्रच की. त्येच्यात काय घालनार?"

"बेकरीचं यीस्ट."

"मग फुगंल की ते."

आईशी विज्ञान बोलायचं नसतं असं मी दरवेळी ठरवते.

१८ सप्टेंबर

संगमेशची मेल आली. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत फोनची लाइन लागेपर्यंत यंत्र कुईकुई करत बसतं. आजची मेल मोठी होती. जानेवारीपासून त्याच्या प्रोफेसरांकडे एक जागा आहे. त्याने माझं नाव घातलंय. ते म्हणाले, एक चित्र दाखवू दे, खड्ड्यांत पेशी बसल्या आहेत आणि जिवंत आहेत असं. मग बोलावतो.

एक चित्र. बस.

पुढे त्याने घरचं लिहिलंय. आता मोठ्या घरात गेलाय. खिडक्यांना पडदे घेतले, हळदीच्या रंगाचे. घरात तिखट चालत नाही म्हणून त्यानेही कमी केलंय. रूममेट गोरा मिळालेला दिसतो. परळीचा माणूस, हिरवी मिरची नुसती चावून खायचा, त्याची काय ही दशा. पण हळदीचा रंग त्याला आठवला, हे वाचून मला इतकं भरून आलं की मेलची छापील प्रत घ्यायला विसरले.

औरंगाबादला विद्यापीठात आम्ही दोघं एका सूक्ष्मदर्शकावर होतो. एक डोळा लावायचा, तोवर दुसऱ्याने लिहायचं. तो जायला निघाला तेव्हा मी बसस्टँडवर गेले होते. खोलीची किल्ली, पासपोर्ट, आईने दिलेलं लोणचं, सगळ्याबद्दल बोलला. "तू पण ये" एवढं म्हणाला नाही. चार वर्षं मी त्या शब्दाची वाट बघते आहे. कुणाला सांगितलं तर हसतील. मीही हसते मधूनमधून.

जेवताना आईला पडद्यांचं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. "पडदे? गड्यानं पडदे घेतले?" म्हणाली. मी नको नको म्हणत असताना माझ्या ताटात आणखी एक धपाटं घातलं.

३० सप्टेंबर

सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा लावून काढलेला रोल फोटो स्टुडिओतून धुऊन आला. सगळे काळे. सटवा फोटोवाले मला समजावत होते, "मॅडम, झाकन काडायचं ऱ्हायलं असंल." झाकण काढलं होतं. पेशीच नीट बसत नाहीयेत.

रीत अशी. टोक यीस्टच्या पाण्यात उभं करायचं, पेशी खड्ड्यांत उतरतात. मग एक बिनरंगी द्रव्य घालायचं. जिवंत पेशी ते गिळून हिरवं करते, आणि निळ्या उजेडात ती चमकते. मेलेली चमकत नाही. निळ्या उजेडाचा सूक्ष्मदर्शक अंबाजोगाईत एकच, मेडिकलचा, क्षयाचे जंतू बघायला ठेवलेला. थुंकीचे नमुने संपले की दुपारी मला थोडा वेळ देतात. त्यात वीज गेली की संपलं. मी जुडीचं दुसरं टोक त्याखाली धरून डोळा लावून बसते. दिसत काहीच नाही. तरी बसते.

संगमेशची रोज मेल येते. "झालं का?" एवढीच. एवढी आठवण त्याला चार वर्षांत कधी आली नव्हती.

६ ऑक्टोबर, खंडेनवमी

सुट्ट्या लागल्या. प्रयोगशाळेत उंदरांचा सुळसुळाट आहे, रबराची एक नळी कुरतडलीच त्यांनी. म्हणून जुडी स्टीलच्या डब्यात घालून घरी आणली.

सकाळी देवघरासमोर आप्पांच्या दुकानातला तराजू, मापं, आईचं शिलाई मशीन, सुरी, विळी, सगळं पूजेला. घरभर झेंडू. मी डोकं दुखतं म्हणून झोपून होते. डोकं काही दुखत नव्हतं. उदगीरच्या स्थळाबद्दल आप्पा पाहुण्यांशी बोलत होते ते ऐकायचं नव्हतं.

मुलगा चांगला आहे म्हणे. असेल. या जगात चांगले मुलगे पुष्कळ आहेत, मला काय त्याचं.

९ ऑक्टोबर

कॉलेजात डबा उघडला तर आत झेंडूची पाकळी. आईने डबाही देवासमोर ठेवलेला दिसतो. हसू आलं. पाकळी झटकून टाकली.

१२ ऑक्टोबर

झालं!

दुपारी पेशी बसवल्या, द्रव्य घातलं, दिवा लावला, डोळा लावला. सगळं टोक हिरवंगार. एकही खड्डा रिकामा नाही. मधाच्या पोळ्याची सगळी घरं एकदम उजळली. क्षयाचे नमुने बघणाऱ्या साखराबाई शेजारी होत्या, त्यांना खुर्चीवरून उठवून बघायला लावलं. "लई झ्याक दिसायलंय बाई," म्हणाल्या, "कशाचं हाय?" मी म्हटलं, जिवंतपणाचं.

मग खिडकीशी जाऊन थोडं रडले. पूर्ण रोल संपवला.

१६ ऑक्टोबर

या वेळी सटवा फोटोवाल्यांनी स्वतः बाहेर येऊन लिफाफा हातात दिला. चित्र स्कॅन केलं, पाठवलं. जाता जाईना. लाइन दोनदा तुटली. प्रत्येक वेळी मी डोळे मिटून बसले.

बिनद्रव्याचं टोक शेजारी ठेवून तपासायला हवं होतं. द्रव्य न घालता काय दिसतं ते आधी बघतात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. पण मेडिकलला वेळ कमी होता, आणि आता सगळं इतकं उघड आहे. पुढच्या वेळी करीन.

२० ऑक्टोबर

प्रोफेसर खूश. संगमेशने त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत, की आमच्याकडे इतके खड्डे एका वेळी कधी भरत नाहीत, या बाईंचा हात बघायला हवा. कागदपत्रं पाठवताहेत.

माझा हात बघायला हवा! मी बसस्टँडपासून घरापर्यंत स्वतःच्या हाताकडे बघत आले.

घरी सांगितलं. आप्पा म्हणाले, "जा. आमी काय धरून ठिवलंय व्हय," आणि चष्मा पुसत बसले. आईने देवापुढे साखर ठेवली. मग मला विचारलं, "तिथं त्यो एकटाच ऱ्हातो का गं?" मी म्हटलं, रूममेट आहे, गोरा, तिखट न खाणारा. आई म्हणाली, "बरं."

२४ ऑक्टोबर

काहीतरी चुकतंय.

आता खरी परीक्षा म्हणून कपाशीचं औषध पाण्यात मिसळून टोकाला लावलं. पेशी मरायला हव्यात, उजेड विझायला हवा. विझला नाही. जास्त घातलं, तरी नाही. मग चिडून यीस्ट चांगलं उकळलं आणि ते बसवलं. उकळलेलं, पार मेलेलं. तेही हिरवंगार चमकलं.

उकळून जिवंत राहणाऱ्या पेशी मी शोधून काढल्या असतील तर मला बक्षीसच मिळायला हवं.

द्रव्य खराब झालं असेल.

२५ ऑक्टोबर

द्रव्य घातलं नाही. पेशीही बसवल्या नाहीत. नुसतं टोक धरलं. तरी हिरवं.

२६ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दुकानात पूजा मांडली होती. आई तराजूच्या पारड्याला हळदीकुंकू लावत होती. अंगठा पिवळाधमक. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"आई, खंडेनवमीला माझ्या डब्याची पूजा केलीस?"

"केली की. आप्पाच्या तराजूला लावली, माज्या मशिनीला लावली, मग तुज्याला कावून न्हाई?"

"डबा उघडलास?"

"उगडला. डब्याला लावून काय उपेग? तू समदं टोकालाच बगतीस, म्हनलं टोकालाच लावावी. कुकू लालभडक दिसाय लागलं म्हून वल्या फडक्यानं पुसलं बी. हळद जरा ऱ्हायली आसंल." मग माझा चेहरा बघून, "का गं? काय झालं?"

फटाक्यांत बोलणं ऐकूही गेलं नसतं.

३० ऑक्टोबर

मेडिकल उघडल्या उघडल्या चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवली, निळ्या उजेडात धरली. अगदी तेच हिरवं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद, आणि मी तिला जिवंतपणा म्हणाले.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मुलगी जात नाही म्हटल्यावर तिला आतून बरं वाटेल. तसं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. ती चुलीपुढे खालीच बसली. "माज्या हातानं घालीवलं का म्या?" म्हणाली. "तू जावं म्हून लावलती गं."

तिला जवळ घेतलं. तिच्यावर रागवायला मला कुठे जागाच नव्हती. तिने तिचं काम चोख केलं होतं. चोख केलं नव्हतं ते मी.

संध्याकाळी संगमेशला सगळं कळवलं. त्याला हसू येईल असं वाटलं. मग आम्ही दोघं हसू, पूर्वीसारखे.

१ नोव्हेंबर

त्याचं उत्तर. इथे उतरवून घेते.

"रुचिका, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सरांना काही कळवू नकोस. कागद निघालेत, आता मागे घेतले तर माझंही नाव जाईल. इथे आल्यावर खरं करून दाखवशीलच, तुझा हात मला माहीत आहे. ये. आम्ही विमानतळावर घ्यायला येऊ. वरची खोली रिकामीच आहे, तुझ्यासाठी आवरून ठेवली आहे."

ये.

चार वर्षं वाट पाहिलेला शब्द सायबर कॅफेच्या मळक्या पडद्यावर आला. मी तो किती वेळा वाचला ते लिहायची लाज वाटते. माझ्यासाठी खोली आवरलीय. "आम्ही" घ्यायला येणार, म्हणजे रूममेटनेही हो म्हटलेलं दिसतं. चांगला असणार बिचारा.

किती सोपं आहे. गप्प बसायचं आणि जायचं.

३ नोव्हेंबर

झोप नाही. त्याचं म्हणणं पटवून घ्यायचा खूप प्रयत्न केला. तिथे जाऊन खरं करीनच, यात मला शंका नाही. पण ते चित्र ते लोकांना दाखवतील. कुणीतरी त्याच्यावर पुढचं काम बांधेल. उद्या कुणी म्हणेल, या टोकाने पाहिलंय, पाणी चांगलं आहे, प्या. आणि टोक तर उकळलेल्या पेशीलाही जिवंत म्हणणारं.

हे झालं एक. दुसरं असं, की मी त्याच्यासमोर उभी राहीन तेव्हा आमच्या दोघांत ती हळद असेल. तो विषय काढणार नाही, मीही नाही. मला त्याच्याजवळ जायचंय. पण असं नाही.

तो माझी वाट बघतोय, आणि मी त्याला नाही म्हणणार आहे. हे लिहिताना अक्षर बिघडलं.

४ नोव्हेंबर

प्रोफेसरांना स्वतः लिहिलं. चित्रातला उजेड पेशींचा नाही, हळदीचा आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा कामाच्या हत्यारांची पूजा करतात, आणि माझं हत्यार काय हे माझ्या आईला बरोबर कळलं होतं. तपासायची चूक माझी. संगमेशला यातलं आधी काही माहीत नव्हतं, असंही लिहिलं. ते पूर्ण खरं नाही, पण पूर्ण खोटंही नाही. चित्र गेलं तेव्हा त्याला माहीत नव्हतंच.

पाठवा म्हणून बटण दाबलं. या वेळी लाइन एकदाही तुटली नाही.

१५ नोव्हेंबर

प्रोफेसरांचं उत्तर सभ्य आहे. कळवलंत याबद्दल आभारी आहे. जानेवारीची जागा दुसऱ्याला दिली. खरं चित्र मिळालं तर मला बघायला आवडेल.

संगमेशची मेल नाही. कामात असेल. त्या वरच्या खोलीचं काय केलं असेल?

उदगीरचे लोक येऊन गेले. मी कॉलेजात होते. आईनेच त्यांना सांगितलं म्हणे, "आमच्या पोरीचं काम चाल्लंय, आत्ता न्हाई जमनार." आप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

११ डिसेंबर

थंडी पडली आहे. टोक स्पिरिटने कितीदा धुतलं ते मोजलं नाही. आधी रिकामं टोक पाहिलं, काळं. उकळलेल्या पेशी बसवल्या, द्रव्य घातलं, काळं. मग जिवंत.

थोडेसेच खड्डे चमकले. इकडे एक, तिकडे दोन, बाकी अंधार. कपाशीचं औषध लावलं, तसे ते एकेक करून मंद झाले आणि विझले. मी डोळा काढला नाही शेवटचा विझेपर्यंत. एवढा आनंद आणि एवढं वाईट एकदम कधी वाटलं नव्हतं.

१३ डिसेंबर

आज आईला मेडिकलला नेलं. तिने हात धुतले, पुसले, मला उलटेसुलटे करून दाखवले, मगच खुर्चीवर बसली. डोळा लावायला तिला जमेना. मग जमलं.

"अंधारच हाय की."

"थांब जरा."

"हां. ठिपके दिसायलेत. हिरवे. एवडेच?"

"एवढेच जिवंत आहेत."

ती बराच वेळ बघत राहिली. साखराबाई नमुने घेऊन खोळंबल्या होत्या, तरी उठली नाही. मग डोळा न काढताच तिने विचारलं, "त्यास्नी कळतं का गं, ह्या टोकाला बसून कुनी बगायलंय म्हून?"

"नाही आई. त्यांना नाही कळत. बघणाऱ्यालाच कळतं."

ती उठली, पदराने डोळा पुसला. फार ताणून बघितलं की पाणी येतंच. रिक्षात बसल्यावर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी चित्र पाठवलं, प्रोफेसरांना आणि संगमेशला. प्रोफेसरांना सगळी रीत लिहिली. संगमेशला लिहायला पुष्कळ होतं. शेवटी चित्राखाली एवढंच लिहिलं, "यात हळद नाही."

तिकडे आत्ता सकाळ झाली असेल. त्या पडद्यांतून खोलीत पिवळा उजेड येत असेल आणि तो चहा करत असेल. उद्या कॉलेज सुटल्यावर बसस्टँडजवळच्या कॅफेत एक चक्कर टाकीन.